ब्रांटांच्या चटणीचा लाल डाग

विस्कॉन्सिनमधल्या विलोफर्ड गावी ब्रांट घराण्याचा मोहरीच्या चटणीचा कारखाना आहे. त्याच्या दारात काचेच्या पेटीत एक जुना टेबलक्लॉथ ठेवला आहे. पांढऱ्या कापडावर पिवळा डाग आणि त्याभोवती लालसर कड. पाहुणे तिथे थांबले, की कारखान्यातले म्हातारे एल्मर सांगू लागतात.

फार पूर्वी हेडविग ब्रांट नावाची विधवा दोन पोरांना घेऊन या गावात आली, असे सांगतात. मोहरी वाटून, आंबट सिरका घालून ती चटणी विके. इतरांची चटणी मातकट, हिची पिवळीधमक. एका फेरीवाल्याकडून घेतलेली हळद ती त्यात घाली. गावात हळद कुणी पाहिलीच नव्हती. "असला रंग खायचा नसतो," शेजारीण प्रूडन्स टटल म्हणे, आणि तरी बरणी घेऊन जाई.

एकदा प्रूडन्सच्या टेबलक्लॉथवर ती चटणी सांडली. तिने राखेच्या साबणाने डाग घासला, तर तो रक्तासारखा लाल झाला! ओलं कापड तसंच घेऊन ती हेडविगच्या दारात आली. मागे अर्धं गाव.

"काय घालतेस गं यात?"

"हळद."

"हळद म्हणजे काय?"

हेडविगला तरी कुठे ठाऊक होतं? फेरीवाल्याने पुडी देताना नजर चुकवली होती, असं आता तिला वाटू लागलं. पोरांनी सकाळीच ती चटणी पावाला लावून खाल्ली होती.

"आजच्या आज गाव सोड!" कुणीतरी ओरडलं. प्रूडन्सने हेडविगच्या हातातली चटणीची बरणी ओढली, आणि त्या ओढाताणीत चटणी पुन्हा त्याच कापडावर सांडली. सिरका मुरला तसा लाल डाग म्हणे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

लोक मागे सरले. प्रूडन्स नाही. "डाग फिरला, माझं मन नाही फिरलं. आधी तू खा. आमच्यासमोर."

हेडविगने पोरांकडे पाहिलं. चमचा भरला आणि गिळला. तिला काही होतंय का बघत सगळे अंधार पडेपर्यंत अंगणात बसून राहिले. काही झालं नाही. कुणी पुन्हा गाव सोडायला सांगितलं नाही. उठताना प्रूडन्सने उरलेली बरणी शालीखाली घालून नेली.

आजही नव्या मोसमाचा पहिला चमचा ब्रांटांच्या घरची थोरली बाई सर्वांसमोर खाते. समोर टटलांची सर्वांत वयस्क बाई खुर्ची टाकून बसते. सगळे टाळ्या वाजवतात, ती वाजवत नाही. "आ कर," म्हणते, आणि तोंडात डोकावून बघते.