रिकाम्या जनरेटरचे पन्नास

"पन्नासला पन्नास आहे, उस्ताद. मग इन्व्हर्टर या जनरेटरची वीज घेत का नाही?"

हेमलता वळवीने जनरेटरचे हर्ट्झ दाखवणारा मीटर उस्तादांच्या नाकासमोर धरला. सातपुड्यातल्या या आरोग्य उपकेंद्रापर्यंत विजेची तार कधी आलीच नाही. इथलं सोलर तिने एकटीने उभं केलं होतं. पाड्यातली पहिली इंजिनिअर होती ती.

करीम उस्तादांनी मीटरकडे पाहिलंही नाही. चाळीस वर्षं गिरण्यांची आणि मंडपांची इंजिनं उघडलेला माणूस. जनरेटरला कान लावून बसले होते.

चार दिवस आभाळ भरलेलं. बॅटरी तळाला. लशींचा फ्रीज बॅटरीवरच चालणारा, आणि त्याचा काटा सात अंशांवर.

"आठच्या वर गेला तर सगळ्या लशी फेकाव्या लागतील गं," सिस्टर पाडवी दारातून म्हणाल्या. "उद्या बाया लेकरं घेऊन डोंगर उतरतील. त्यांना काय सांगू?"

हेमलताने पुन्हा जोडून पाहिलं. इन्व्हर्टरने जनरेटरची वीज घेतली. बॅटरी भरू लागली. जनरेटर गुरगुरला, जड झाला...

टक्. इन्व्हर्टरने हात झटकले.

"तुमचा जनरेटर म्हातारा झालाय, उस्ताद."

"झालाय की. मीपण झालोय." ते हसले. "काल सकाळपर्यंत दोघंही चालत होतो."

"काल मी त्याचा वेग बावन्नचा पन्नास केला. पुस्तकात पन्नास आहे. तुमची चूक होती, मी सुधारली."

हे म्हणताना तिची हनुवटी वर होती.

"हात पुढे कर, बेटा."

"उस्ताद, वेळ नाहीये..."

"कर."

म्हाताऱ्या माणसांचं हे असंच. सरळ विचारा, सरळ उत्तर नाही. तिने चिडून हात खांद्याच्या रेषेत ताणला.

"सरळ आहे?"

"आहे!"

त्यांनी पेटीतला सगळ्यात मोठा पाना तिच्या तळहातावर ठेवला.

हात चार बोटं खाली आला.

"आता?"

"रिकामा असताना पन्नास. ओझं आलं की कमी," ती पुटपुटली. तिने पाना घट्ट धरला आणि तशीच जनरेटरकडे गेली. काल आवळलेला नट तिने स्वतःच्या हाताने उलटा फिरवला. पन्नास... एक्कावन्न... बावन्न.

इन्व्हर्टरने वीज घेतली. जनरेटर जड झाला. एकोणपन्नास... अठ्ठेचाळीस...

टक्.

"घ्या!" ती ओरडली. "तुमचे बावन्नही पुरत नाहीत!"

"काल सकाळी पुरले होते."

"काल सकाळी बॅटरी अर्धी होती. आज ती..." ती थांबली. "आज ती उपाशी आहे. एका घासात सगळं मागतेय."

ती इन्व्हर्टरच्या पडद्यासमोर बसली. बॅटरीला जाणारा प्रवाह किती, तो आकडा शोधला आणि निम्मा केला. उस्ताद मागे येऊन उभे राहिले. चष्मा पुसून त्यांनी पाहिलं.

"हे मला येत नाही," ते म्हणाले.

"माहितीये," ती म्हणाली.

इन्व्हर्टरने वीज घेतली. जनरेटर गुरगुरला. थोडा बसला... आणि पन्नासवर थांबला.

एक मिनिट गेलं. पाच गेली.

पलीकडच्या खोलीत फ्रीज घरघरला. "लागला गं पोरी, लागला!" सिस्टरांनी दोन्ही हातांनी तिच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

हेमलताने ताठ मानेने खिशातला मार्कर काढला. "जनरेटरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. 'बावन्न. हात लावू नये.' म्हणजे माझ्यासारखी कुणी दीडशहाणी आली, तर..."

उस्तादांनी मार्कर तिच्या हातातून घेतला. टोपण लावलं.

"लिहून ठेवलंस, तर ती भांडायला येईल कुणाशी?"