उंबऱ्याबाहेरचा नमस्कार

"ठेवू की कापून टाकू, बाबा?"

हर्षल घोलपने हे तिसऱ्यांदा विचारलं. केवळपुरी बाबा देवळाच्या पायरीवर बसून चिंचेने तांब्याचा कलश घासत होते. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं होतं.

"काय कापायचंय?"

"कातडी. पोटाची, दंडांची. वजन उतरलं, पण कातडी लोंबत राहिली. डॉक्टर म्हणतात, प्लास्टिक सर्जरी केली तर चार किलो निघेल."

"चार किलो..." बाबांनी कलश फिरवला. "बरीच आहे की."

हर्षलला हे काही आवडलं नाही. दोन वर्षांत त्याने अठ्ठावन्न किलो उतरवले होते. भात सोडला, गोड सोडलं, दर सोमवारी हा डोंगर चढला. आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवता शिकवता तो स्वतःचंच उदाहरण देई. चहाच्या टपरीवर मोबाइलमधला जुना फोटो काढून 'ओळखा पाहू कोण' म्हणे. कौतुक करून करून लोकांची तोंडं दुखली होती. बाबांनी मात्र आजवर एकदाही शाबास म्हटलं नव्हतं.

"तुम्ही म्हणणार, देह नाशवंत आहे."

"मी कुठं म्हटलं?"

"मग करून घेऊ?"

"दाखव तरी. बघितल्याशिवाय कसं सांगू?"

हर्षलचा हात गळ्याशी गेला. सदऱ्याचं वरचं एक बटण उघडं होतं, तेही त्याने लावून टाकलं.

"घरी कुणी बघितलंय?"

"नाही."

"डॉक्टरनं?"

"त्यांना फोटो पाठवलेत."

"आण इकडं."

बाबांनी ओले हात पुसून मोबाइल घेतला. फोटोत पोट होतं, दंड होते. गळ्याच्या वरचा भाग कापलेला होता.

"ह्याला डोकं नाही."

"ते... मुद्दामच."

"म्हणजे हे कुणाचं, ते डॉक्टरलाही ठाऊक नाही."

हर्षलने मोबाइल परत घेऊन खिशात घातला.

मग तो म्हणाला, "मुलगी आठ वर्षांची आहे, बाबा. विहिरीवर चला, पोहायला शिकवा म्हणते. मी सदरा घालून काठावर उभा राहतो. तिला शेजारचे शिंदे शिकवतात."

खरं दुखणं हेच होतं, बाकी सगळा फापटपसारा.

"लहानपणी पोहायचास?"

"शिकलो, पण सोडून दिलं. जाड होतो. पोरं हसायची."

"आता बारीक झालास."

"आता हे लोंबतंय."

"मग कर ऑपरेशन. माझी ना नाही. त्यानंतर उतरशील पाण्यात?"

"उतरेन की. म्हणजे..." हर्षल अडखळला. कंबरेभोवती व्रण राहील, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "टाक्यांचा वण थोडा फिका झाला, की मग."

बाबांनी कलश विसळला, काठोकाठ भरला आणि उठून त्याच्यापुढे धरला.

"देवाला पाणी घाल."

ह्या देवळात पुरुषांनी उघड्या अंगानेच पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, अशी जुनी रीत होती. दोन वर्षं हर्षल उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करून परत जात होता. सोवळंओवळं आपल्याला पटत नाही, असं तो सोबतच्यांना सांगे. त्यावर दोनदा भाषणही ठोकून झालं होतं.

"मी इथूनच हात जोडतो, बाबा."

"देवाचं पाणी भरलं, की खाली ठेवत नाहीत."

बाबा कलश धरून उभेच राहिले. वय ऐंशीच्या घरातलं. थोड्या वेळाने हात थरथरू लागला. पाणी डुचमळून त्यांच्या मनगटावरून ओघळलं.

"बाबा, द्या इकडे..."

बाबांनी मान हलवली. हात आणखी थरथरला.

हर्षलने एक बटण काढलं. मग दुसरं. मग घाईघाईने सगळी काढली आणि सदरा कठड्यावर टाकला. भर दुपारच्या उन्हात तो पहिल्यांदाच असा उभा होता. पोटाची कातडी विजारीच्या नाडीवर उतरली होती, दंडाखाली झोळ पडला होता. लाजेने त्याचे कान तापले.

नंदीजवळ एक म्हातारी बेल निवडत बसली होती. तिने मान वर केली, त्याला बघितलं आणि मूठभर पानं पुढे केली.

"आत चाललास न्हवं दादा? माझाबी बेल वाहा तेवढा."

हर्षलने बेल घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आता बघितलंत ना, बाबा? आता सांगा. करू की नको?"

बाबांनी कलश त्याच्या हातात दिला.

"पायऱ्यांवर शेवाळ आहे," ते म्हणाले. "पायाकडं बघून उतर."