शिकवलेलं परत घ्या

"शिकवलेलं परत घेता येतं का, चाचा?"

नूरचाचांनी मान वर केली. दारात विश्राम पोंक्षे उभा होता. डावा हात चौकटीला. उजवा खांद्यापासून लोंबत होता.

एके काळी हा त्यांचा शिष्य. पुढं तबल्यात मोठं नाव झालं. चाचांच्या मिरजेचा रस्ता विसरला. एका मुलाखतीत कुणी गुरू विचारला, तर म्हणाला होता, "माझा रियाज."

चाचांनी ते वाचलं होतं. कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"आत ये. बस."

तो कसाबसा चटईवर बसला. डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर ठेवला.

"अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, वाचा परत आली. हात गेला."

"कळलं होतं मला."

"कळलं होतं तर आला नाहीत?"

"तू बोलावलं नाहीस."



"हात गेला त्याचं आता काही नाही, चाचा. पण तो नीट मेलेला नाही."

"म्हणजे?"

"पुण्याच्या डॉक्टरांनी मशीनमध्ये झोपवलं. कानाशी तीनताल लावला. हात मुडद्यासारखा पडलेला. आणि पडद्यावर, हात हलवणारा मेंदूचा भाग पेटलेला! म्हणाले, जो शिकला नाही त्याचं ऐकणं कानापाशी संपतं. तुम्ही लहानपणापासून तबल्याचा बोल ऐकलात, तो म्हटलात, तो वाजवलात. तुमचं ऐकणं आणि हात एकाच गाठीत बसलेत. ऐकलं की हुकूम सुटतो. फक्त खाली यायची वाट जळलीय."

"चांगली खूण म्हणाले असतील."

"म्हणाले. मीही धरून बसलो. करायचे ते सगळे व्यायाम केले... काही नाही."

त्यानं डावा तळवा कानावर दाबला.

"वरच्या मजल्यावर एक मुलगी कथक शिकते. तिचे घुंगरू वाजले की मी वाजवतो. कुणी दार ठोठावलं की वाजवतो. बोटं जागची हलत नाहीत आणि आत सगळं वाजतं. माणूस मेल्यावर त्याला पुरतात, चाचा. याला मी घेऊन फिरतोय. बायकोला म्हटलं, कानात शिसं ओत. ती आठवडाभर माहेरी गेली."

त्यानं डाव्या हातानं उजवा चाचांपुढं सरकवला.

"तुम्ही बांधलीत ही गाठ. तुम्हीच सोडवा."

"तुझा रियाज होता ना गुरू?"

विश्रामनं डाव्या हातानं चाचांचे पाय धरले. कपाळ त्यावर टेकवलं. बराच वेळ उचललं नाही.

चाचांनी त्याला उठवलं. त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. चाचांची बोटंही संधिवातानं वाकडी झाली होती. तबल्यावरची खोळ त्यांनी कित्येक वर्षांत काढली नव्हती.

"डोळे मीट. काही करू नकोस. नुसतं ऐक."

विश्रामनं डोळे मिटले.

"धा धिं धिं धा... धा धिं धिं धा..." आवाज फाटका, पण लय पक्की. "धा तिं तिं ता... ता धिं धिं धा..."

दुसरं आवर्तन. तिसरं. मग चाचांनी मुद्दाम एक मात्रा गाळली.

"धा तिं ता... ता धिं—"

"चाचा!" विश्राम ओरडला. त्याच्या डाव्या हातानं चाचांचं मनगट पकडलं होतं.

"काय झालं?"

"मात्रा गेली."

"जाऊ दे की. तुला काय तिचं? तुला वाजवायचंय थोडंच!"

त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा मात्रा गाळली. पुन्हा. पुन्हा. विश्रामच्या चेहऱ्यावर घाम आला.

"नका, चाचा... नका."

"कुठं टोचतं? कानाला?"



"हाताला," तो म्हणाला.

चाचांनी मांडीवरच्या त्या निर्जीव हाताकडं पाहिलं. तो जसा ठेवला होता तसाच पडला होता.

"चूक तुला खपली असती, तर सुटला असतास. मला दुसरा उपाय येत नाही."

"मग मी करू काय?"

चाचांनी तो हात उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"काहीतरी सांगा. खोटं सांगितलंत तरी चालेल."

"खोटं शिकवलं नाही तुला कधी."

विश्राम रडू लागला. मोठ्यानं, लाज सोडून. चाचांनी त्याला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी वरात आली. ताशाची तडतड भिंतींवरून घरात शिरली, मागोमाग ढोल. विश्रामचं रडणं मध्येच तुटलं. डोळे एका जागी थिजले. तो वाजवत होता.

चाचांनी मान फिरवली. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

ढोल जवळ आला.

"दार लाव, विश्राम..." ते म्हणाले. "मलाही ऐकू येतंय."