राणीच्या खांद्यावरचे एकोणीस टाके

एका राज्यात, जिथं घोड्यांना माणसांहून जास्त मान होता, गिरजा नावाची एक जीनगरीण राहत होती. घोड्यांची जिनं शिवणं हा तिचा धंदा. तिनं शिवलेलं जीन सात लढाया खाऊन आठवीला तयार असे, आणि हे ती स्वतःच भेटेल त्याला सांगे. का सांगू नये? खोटं थोडंच होतं!

त्या राज्यावर शैवालक मांत्रिकाची वाकडी नजर पडली. तो फुंकर मारी आणि माणूस जागच्या जागी हिरवा पुतळा होई. अर्धी नगरी त्यानं अशी उभी करून ठेवली. गिरजेचा नवरा सोनाजी दुकानाच्या दारात, हातात आरी घेऊन, शेवाळानं माखलेला उभा होता. राजवैद्यही सुटले नव्हते. ते कुणाची तरी नाडी बघायच्या थाटात ओट्यावर उभे होते, आणि चिमण्यांनी त्यांच्या पगडीत घरटं बांधलं होतं.

शेवटी राणी हेमांगदा घोडीवर स्वार होऊन एकटीच मांत्रिकावर चालून गेली. तिनं त्याची तलवार मोडली. पण मोडण्याआधी ती तलवार तिच्या उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत चिरत गेली.

पळता पळता शैवालक ओरडला, “बारा दिवसांत या जखमेला पाण्याचा एक थेंब लागला, की राणी माझी आणि राज्यही माझं!”

आणि नाही लागला तर? ते तो बोलला नाही. असल्या लोकांना अर्धंच सांगायची खोड असते.

घोडीनं राणीला थेट जीनगराच्या दारात आणलं. तिला दुसरी वाट ठाऊक नव्हती.

“शिवता येईल?” राणीनं विचारलं.

“येईल, राणीसरकार. पण ओरडायचं नाही. घोडी बुजते.”

गिरजेनं सुई जाळावर धरली, रेशीम उकळून वाळवलं, आणि एकोणीस टाके घातले. एकासारखा एक. राणीनं दात आवळले. घोडी बुजली नाही.

आता जीनगराचा एक रिवाज असतो. शिवण पुरी झाली, की तिच्यावर ओलं फडकं फिरवायचं. दोरा फुगतो, भोकं बुजतात, चामडं आवळतं. गिरजेनं हे जन्मभर केलेलं. राणीनं सांगितलेली मांत्रिकाची धमकी डोक्यात होती, पण हाताला कुठं डोकं असतं? तो सवयीनं पाण्याच्या पातेल्याकडे गेला.

“हात आवर!” खिडकीतून आवाज आला.

बाहेर लिंबाच्या डहाळीवर एक शिंपी पक्षी पान शिवत बसला होता. तो म्हणाला, “बारा दिवस टाके कोरडे ठेव. बाराव्या दिवशी सूर्य माथ्यावर आला, की टाके काप. मांत्रिक संपेल, पुतळे जागे होतील. पण पाणी तीनदा चालून येईल. एकदा आभाळातून, एकदा डोळ्यांतून, एकदा मानानं.”

एवढं बोलून त्यानं पानाला गाठ मारली आणि तो उडून गेला.

गिरजा राणीबरोबर राजवाड्यात राहायला गेली. रोज हात धुवायची, कोरडे करायची, मगच पट्टी सोडायची. राणीचं बाकी अंग ओल्या पंच्यानं पुसायची, पण उजव्या खांद्याच्या वाटेला जायची नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक ढग खिडकीतून महालात शिरला आणि पलंगावर कोसळू लागला. गिरजेनं दुकानातून बरोबर आणलेलं, तेल पाजलेलं जीन उचललं आणि राणीच्या खांद्यावर चढवलं.

“गिरजे, आमचा घोडा केलास.”

“चांगला घोडा आहे, सरकार. फक्त हलू नका.”

ढग दोन प्रहर बरसला, दमला आणि निघून गेला. जिनाखाली थेंब उतरला नाही.

सातव्या दिवशी टाके खाजू लागले. राणीनं आज्ञा केली, विनवलं, शेवटी अबोला धरला. गिरजेनं तिचा डावा हात धरून ठेवला. “खाजतंय म्हणजे जुळतंय, सरकार,” ती म्हणाली.

आठव्या दिवशी पट्टी सोडली होती, जखम उघडी होती, आणि खालून सोनाजीचा आवाज आला. “गिरजे, मी तडकतोय. धाव!”

तिनं खिडकीतून पाहिलं. राजवाड्यासमोरच तिचं दुकान, त्याच्या दारात पुतळ्याच्या हातावर खरोखरच चीर पडली होती. तिचे डोळे भरून आले. तिनं झटकन तोंड फिरवलं, पदर डोळ्यांवर दाबला, आणि न बघता, एका हातानं चाचपत, राणीची पट्टी बांधली. मग ती जिन्यात जाऊन बसली आणि पोटभर रडली. नवरा होता तिचा, रडणार नाही तर काय!

बारावा दिवस नेमका राज्यारोहणाच्या वर्धापनदिनाचा निघाला. त्या दिवशी सकाळी राणीनं दरबारात आठ नद्यांच्या पाण्यानं न्हायचं, मगच गादीवर बसायचं, असा शंभर वर्षांचा शिरस्ता. मानकरी कलश घेऊन उभे राहिले. बिनअंघोळीची राणी बघून कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात काठी टेकत आबाजी जीनगर आले. गिरजेच्या हाती पहिली आरी त्यांनीच दिली होती.

“पोरी, शिवण भिजवल्याशिवाय धरते कधी?” ते म्हणाले. “मी शिकवलेलं विसरलीस? घाल पाणी.”

गिरजेनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठली, आणि राणी आणि कलश यांच्या मधे उभी राहिली.

“आबाजी, तुम्ही मला चामडं शिकवलंत. चामडं मेलेलं असतं, त्याला पाण्यानं आवळावं लागतं. हे जिवंत आहे. हे आपलं आपण आवळतं. पाणी पडणार नाही.”

“तुझ्या गुरूचा शब्द मोडतेस?”

“मोडते.”

मानकरी खवळले. “न्हाण नाही, तर गादी नाही!”

राणी उभी राहिली. केसांच्या जटा झालेल्या, अंगाला जिनाच्या तेलाचा वास. “मग आम्ही जमिनीवर बसतो,” ती म्हणाली, आणि भर दरबारात बसली.

सूर्य माथ्यावर येईपर्यंत कुणी हललं नाही. मग गिरजेनं कात्री जाळावर धरली आणि टाके कापले. अठरा सुटले. एकोणिसावा सुटला, तसे आबाजी खाली बसू लागले. अंगरखा बसला, पागोटं बसलं, आणि फरशीवर ओंजळभर शेवाळ उरलं. तो शैवालक होता. खरे आबाजी त्या वेळी आपल्या गावी जेवत होते.

नगरीतले पुतळे शिंकत जागे झाले. सोनाजी हाताची चीर चोळत धावत आला. राजवैद्यही आले, पगडीतल्या पिलांसकट.

राणीच्या खांद्यावरून कोपरापर्यंत एक सरळ, गुलाबी रेघ उतरली होती. आता मानकऱ्यांनी कलश उचलले, आणि एकानं अदबीनं शेला पुढे केला. “सरकार, व्रण झाकावा. दरबार बघतो आहे.”

“बघू दे,” राणी म्हणाली. तिनं शेला गिरजेच्या खांद्यांवर घातला, आणि शंभर वर्षांत पहिल्यांदाच कलश मानकऱ्यांच्या हातून काढून घेतला.

“गिरजाबाई,” ती म्हणाली, “पहिलं पाणी तुम्ही घाला. कुठं घालायचं आणि कधी, ते या राज्यात तुम्हालाच कळतं.”