पुसलेली वाट

ढग टेकडीवर उतरून दुपारची झोप काढायचे, त्या काळची गोष्ट. जनावरांच्या बाजारात जुन्या मोटारीही विकायला यायच्या. भाव तोंडानं सांगायचा नाही, उपरण्याखाली बोटं धरून ठरवायचा, अशी तिथली रीत.

धोंडाबा कासवाला मोटार हवी होती. त्याची बहीण समुद्राकाठी राहायची. पायी निघाला असता, तर पोचेपर्यंत दोघांपैकी एकच उरलं असतं.

"आजोबा, ही मोटार अगदी कमी चाललीय," दलाल कोल्हा म्हणाला आणि उपरण्याखाली त्यानं धोंडाबाची पाच बोटं धरली. म्हणजे पाच हजार.

मोटारीचा नवा निळा रंग धुक्यात पाण्यासारखा हलत होता. किती चालली ते दाखवणारा आकडाही लहान होता. पण बुटक्या धोंडाबाला आत शिरताच दिसलं ते ब्रेकचं पेडल. त्याचं रबर झिजून चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

"किती चाललीस गं, बाई?" त्यानं हळूच विचारलं.

"सगळे घाट चढले. एकदा तर चंद्र उगवतो तिथवर गेले," मोटार झोपेत बोलल्यासारखी म्हणाली. "कुठेच अडले नाही. या कोल्ह्यानं कालच आकडा मागे फिरवला."

धोंडाबानं उपरण्याखाली कोल्ह्याची तीनच बोटं धरली.

"जुनी म्हणून कापताय होय?"

"छे! एवढं चालून न अडलेल्या गाडीचे मी चार दिले असते. एक कापला तो तू पुसलेल्या वाटेचा. आता उपरणं काढून सगळ्यांसमोर बोलू या का?"

कोल्ह्यानं घाईघाईनं मान डोलावली, सौदा तीन हजारांतच पक्का झाला.

समुद्राकडे जाताना मोटार एकेक घाट आठवून सांगत होती. धोंडाबा डोळे मिटून म्हणाला, "सांग गं. काही गाळू नकोस."