पारावरचा पानांचा डाव

सोनकीच्या घरची चूल पेटायची ती मोगऱ्याच्या जिवावर. मोगरा फुलला तर भाकरी. नाही फुलला तर पोटाला सांगायचं, गप्प बस. आईबाप कधीच गेले होते. होती एक गोदाआत्या. हात सोन्याचे, जीभ मिरचीची, आणि डोळ्यांपुढे नुसतं धुकं. सोनकी रांगत होती तेव्हा ते धुकं आलं आणि गेलंच नाही. सोनकी म्हणजे आत्याला एक आवाज होता, दोन गारगार तळवे होते आणि केसांत अडकलेला मोगऱ्याचा वास होता. पोरीचं आताचं तोंड कसं आहे, ते तिला ठाऊक नव्हतं.

गजरा मात्र आत्या असा ओवायची की डोळेवाल्यांनी बघत राहावं. दोन कळ्या या अंगाला, दोन त्या अंगाला, मधे दोरा, मग गाठ.

"इकडं ठेवलंस की लगेच समोर ठेव गं," ती सोनकीला सांगायची. "एका अंगाला जास्त झालं की गजरा रुसलेल्या पोरासारखी मान टाकतो."

मोगरा होता गावाबाहेरच्या जुन्या बागेत. सोनकी रोज पहाटे तिथं जायची. आभाळ गुलाबी, गवत हिरवंगार, आणि गवताच्या टोकाटोकावर इवले इवले दवाचे थेंब. जणू कुणी काचेचे मणी सांडून गेलंय! बागेच्या मधोमध होतं एक बकुळीचं झाड. त्याच्या गोल बुंध्याभोवती गोल दगडी पार, पोळपाटासारखा गुळगुळीत.

एके दिवशी सोनकी मोगऱ्याच्या जाळीत कळ्या खुडत होती, तोच पारावर बोलणं ऐकू आलं. तिनं डोकावून पाहिलं. एका बाजूला बसले होते अत्तरवाले धोंडूशेठ, आपली बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन. आणि समोर? समोर बसली होती परी! पंख चतुरासारखे पातळ, त्यांवर निळे, जांभळे, सोनेरी झोत पळताहेत. केसांत बकुळीची फुलं. ओंजळीत सोन्याची चकचकीत पानं, सगळी गोल, पुरीएवढी.

"नियम ऐका, शेठजी," परी म्हणाली. "सगळी पानं एका मापाची. एक तुम्ही पारावर ठेवायचं, एक मी. पानावर पान नको, काठाबाहेर पान नको, ठेवलेलं हलवायचं नाही. ज्याला ठेवायला जागा उरणार नाही, तो हरला. विचार हवा तेवढा करा. पण बागेतलं शेवटचं दव सुकेल तेव्हा ज्याची पाळी असेल, तोही हरला. तुम्ही जिंकलात तर एक मागणं पुरवीन. मी जिंकले तर तुमच्याकडचा सगळा सुवास माझा. आता आधी कुणी खेळायचं, ते तुम्ही सांगा."

"मीच आधी! विचारायचं काय त्यात?" शेठ म्हणाले आणि पान ठेवूनसुद्धा मोकळे झाले.

बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना लोक, तशी घाई. आधी घुसलं की जिंकलं, असंच वाटतं माणसाला.

शेठनी काठाजवळ पान ठेवलं. परीनं बुंध्याच्या पलीकडे, बरोबर समोर, काठाजवळच ठेवलं. शेठनी बुंध्याला चिकटून ठेवलं. परीनंही पलीकडे बुंध्याला चिकटून ठेवलं. शेठ हसले, म्हणाले, "नक्कल करते होय माझी!"

सोनकीचे हात कळ्या खुडायचे थांबले. हे तर तिला माहीत होतं! इकडं एक, समोर एक. हा तर गजरा!

तिला राहवेना. ती ओरडली, "शेठ, बघा ना! तुम्हाला जागा सापडली की तिला समोरची सापडतेच. तिची जागा तुमच्याआधी संपणारच नाही!"

"ए पोरी, तू फुलं तोड," शेठ खेकसले. "मोठ्यांच्या खेळात नाक खुपसायचं नाही."

नाही खुपसलं. आणि व्हायचं तेच झालं. शेठना जागा उरली नाही. टक् टक् करत बाटल्यांची बुचं उडाली. गुलाबाचा गुलाबी, केवड्याचा पिवळा, वाळ्याचा हिरवा, असे सुवासाचे रेशमी धागे हवेत तरंगले आणि परीच्या पंखांत जाऊन बसले. शेठनी स्वतःची बाही हुंगली. काही नाही. पेटी उचलून ते पाय आपटत निघून गेले.

परीनं पारावरची पानं गोळा केली आणि जाळीकडे पाहिलं. "ये की बाहेर. दव आहे अजून. खेळतेस?"

सोनकी बाहेर आली. फ्रॉकला ठिगळं, पाय चिखलाचे. "हरले तर माझ्या मोगऱ्याचा वास जाईल?"

"जाईल. कायमचा."

बिनवासाचा मोगरा कोण घेणार? चूलच विझली म्हणायची. पण मग तिला आत्या दिसली, कळी चाचपून चाचपून ओवणारी, आणि सोनकी हसली की, कुठल्या बाजूला बघावं ते न कळून भलतीकडेच हसणारी.

"खेळते," ती म्हणाली. "तुम्ही आधी, परीताई."

परीचे पंख क्षणभर थरथरायचे थांबले. "हा तुझा चांगुलपणा, की लबाडी?"

सोनकीनं खरा विचार केला. "मोठ्यांना 'तुम्ही आधी' म्हणायचं असं आत्यानं शिकवलंय. आणि शेठना हरताना पाहिलं, तेही आहेच. दोन्ही थोडं थोडं."

"खरं बोलतेस," परी म्हणाली आणि तिनं पहिलं पान ठेवलं.

मग काय रंगला डाव! परीनं दोन पानांमधल्या फटीत ठेवलं, सोनकीनं पलीकडच्या फटीत. परीनं काठाशी अगदी पडेल असं ठेवलं, सोनकी पाराला वळसा घालून धावली आणि तिनंही तसंच ठेवलं. पार सोन्यानं भरत चालला. ऊन चढलं. गवतावरचे मणी एकेक करून विरायला लागले.

शेवटी दोनच जागा उरल्या. परीनं एकीत पान ठेवलं. सोनकी पळत समोर गेली, वाकली आणि तिथंच थांबली.

तिच्या जागेवर एक फुलपाखरू बसलं होतं. वरच्या फांदीवरच्या कोषातून नुकतंच निघालेलं, तोल जाऊन खाली पडलेलं. पंख ओले, चुरगळलेले, पिळून टाकलेल्या फडक्यासारखे.

"मी नाही हं पाडलं त्याला," परी हळूच म्हणाली. "सरकव की. एका बोटाचं काम आहे."

"पंख ओले आहेत त्याचे. आत्ता हात लागला तर जन्मभर उडता येणार नाही त्याला."

"आणि पान नाही ठेवलंस तर तू हरशील. आत्याचं काय मग?"

सोनकीला एकदम रडू आलं. मोगरा आठवला, चूल आठवली, ती थंडगार राख आठवली. फुलपाखरानं इवलासा पाय झाडला. सोनकीनं नाक पुसलं.

"विचार हवा तेवढा करायचा, असं तुम्हीच म्हणालात. मी थांबते."

"दव थांबत नाही, बाळ."

खरंच थांबत नव्हतं. मोगऱ्यावरचं गेलं. बकुळीवरचं गेलं. ऊन बागेतून चालत होतं आणि त्याच्या पावलाखाली थेंब विझत होते. तेच ऊन फुलपाखराच्या पंखांवरही पडलं होतं, आणि चुरगळलेल्या पंखांतून हळूहळू केशरी, काळी, पांढरी नक्षी उलगडत होती. सोनकी एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. ऊन हवंही होतं आणि नकोही होतं. पंखांना हवं, दवाला नको.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथंच पाराच्या पायथ्याशी दूर्वेच्या पात्यावर बागेतला शेवटचा थेंब लुकलुकत होता. सोनकी गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्या थेंबावर तळव्याची सावली धरली. फुलपाखरावर ऊन, थेंबावर सावली!

"अगं, हे नियमात नाही!" परी म्हणाली.

"करू नको असंही नियमात नाही, परीताई."

परी खळखळून हसली आणि तिच्या हसण्याबरोबर बकुळीची फुलं टपटप पडली. सोनकी मात्र हसली नाही. तिचा हात भरून आला होता, पायाला मुंग्या आल्या होत्या. थेंब बारीक होत चालला होता, मोहरीएवढा, मग खसखशीच्या दाण्याएवढा. तेवढ्यात फुलपाखरानं पंख मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि भुर्रकन उडालं.

सोनकीनं सावली धरलेला डावा हात हलवला नाही. उजव्या हातानं पान ठेवलं.

परीनं पारावर नजर फिरवली. टीचभरही जागा नव्हती. "हरले मी," ती म्हणाली, आणि हरल्याचं तिला जराही वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. "इतकी माणसं आली, पण 'तुम्ही आधी' कुणीच म्हणालं नाही. मी कुणाला फसवत नव्हते गं. या पारावर प्रत्येक जागेला समोर एक जोडीदार आहे. जो दुसरा येतो, त्याच्यासाठी जोडीदार राखलेलाच असतो."

सोनकीनं मान तिरकी केली. "आणि मधे झाड नसतं तर?"

परी पुढे सरकली. "हे कुणी विचारलंच नव्हतं! तूच सांग."

सोनकीनं बोटानं मातीत गोल काढला. बघत राहिली. "मग बरोब्बर मधली एक जागा उरते. तिला समोर कुणीच नाही, ती एकटीच. आधी येईल त्यानं ती घ्यायची. मग बाकीच्या जोड्याच जोड्या, आणि आता दुसऱ्याला हरावं लागेल."

"म्हणजे आधी जाणं चांगलं की मागून?"

"ते पार बघून ठरवायचं," सोनकी म्हणाली. "आधी बघायचं, मग बोलायचं."

"शहाणी आहेस. माग काय मागायचं ते. पण एकच हं, आणि पैसाअडका नाही."

"शेठचा वास..."

"तो मागितलास तर तुझं मागणं संपलं. शेठना सांग, कुठल्याही पहाटे या, आणि पान ठेवण्याआधी पार बघा."

तेवढ्यात बागेच्या फाटकाशी काठी आपटली. "सोनके! कुठं उलथलीस गं? बाजार उठायची वेळ झाली!" गोदाआत्या चाचपडत आत येत होती, पायाखाली गवत की दगड ते काठीनं बघत.

"माझ्या आत्याला दिसू दे," सोनकी म्हणाली.

परीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग तिच्या पंखांतले निळे, जांभळे, सोनेरी झोत एक झाले. पारावरची सगळी पानं पेटल्यासारखी झळाळली. परीचे पंख उजेड झाले, केस उजेड झाले, हसू उजेड झालं. तो सगळा उजेड मऊ मऊ होत गवतावरून सरकला, आत्याच्या पायांशी गेला, वर चढला आणि तिच्या डोळ्यांत शिरला. पारावर उरलं नुसतं सकाळचं ऊन.

आत्याच्या हातून काठी पडली.

समोरच्या पोरीकडे बघत ती म्हणाली, "कोण गं तू?"

"आत्या, मी."

आवाज ऐकला आणि आत्या खाली बसली. तिनं सोनकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, हनुवटी बघितली. "नाक माझ्या भावाचं," ती पुटपुटली. मग तिची नजर खाली गेली, गळ्याच्या हाडांवर, काटकुळ्या दंडांवर. तिचा आवाज चढला.

"आणि ही हाडं गं कुणाची? मी जेवलीस का विचारलं की रोज हो म्हणायचीस! मला भाकरी वाढून तू काय खात होतीस?"

सोनकी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"चल घरी," आत्या म्हणाली, डोळे पदरानं पुसत, पण सोनकीवरून नजर न काढता. "आज तू जेवायचं, आणि मी समोर बसून बघणार."