थांबा नसलेलं वळण

आमच्या घाटात बिनड्रायव्हरची बस आली आणि डेपोच्या साहेबांचा तोरा काय विचारता! जुन्या बसचा ड्रायव्हर भिवा घाग याला ते म्हणाले, "तिला जमत नाही असं एक काम करून दाखव, नोकरी शाबूत."

"दाखवतो. आधी यमुनाबाईंच्या टपरीवर चहा तरी घ्या."

साहेब नव्या बसने निघाले, मागून भिवाची जुनी लाल बस. टपरीजवळच्या थांब्यावर साहेब चहाला उतरले, आणि भिवाने सांगून ठेवल्याप्रमाणे यमुनाबाईंनी चहा सावकाश उकळला. नवी बस मात्र ठरल्या मिनिटाला साहेबांना सोडून निघाली. साहेब हात हलवत, ओरडत वळणापर्यंत धावले. ती कसली थांबते!

एवढ्यात लाल बस करकचून थांबली.

"इथं तर थांबा नाही!" साहेब धापा टाकत म्हणाले.

"नाहीच, साहेब. पण माणूस धावताना दिसला की आम्ही थांबतो. चढा."